मेफ्लॉवरचं नंतर बघू, आधी १८५० च्या मागे काय आहे ते बघा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जावई मॅसॅच्युसेट्सचा, त्याच्या घरी पिढ्यानपिढ्या सांगत आलेत की आम्ही १६२० ला इंग्लंडहून अमेरिकेला आलेल्या मेफ्लॉवर जहाजातल्या जॉन हाउलंडचे वंशज, नातीला त्याचं भारी कौतुक, आणि जावयाच्या काकूने एका साइटवर वंशवृक्षाचं झाड बनवलंय त्यात आजपासून थेट जहाजापर्यंत नावं ओळीने लागलेली आहेत. तर हे खरं मानायचं का, आणि तपासायचं तर सुरुवात कुठून करायची.

खरं असू शकतं, त्यात अशक्य काही नाही. हाउलंडला दहा मुलं झाली, त्यांची वंशवेल इतकी पसरली की त्याचे वंशज आज लाखोंनी आहेत, फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश त्यातलेच. पण मी न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या राज्यांतल्या घराण्यांवर हे काम बरीच वर्षं करतेय आणि जवळजवळ प्रत्येक जण जहाजाकडून सुरुवात करतो, म्हंजे मूळ पुरुष धरायचा आणि खाली खाली येत आपल्या आजोबांना गाठायचं. ते उलटं आहे. जहाजाकडच्या पहिल्या चार-पाच पिढ्यांवर लोकांनी शंभर-दीडशे वर्षं घासून काम केलंय, तिथे तुम्हाला नवीन करण्यासारखं फारसं नाहीच. अलीकडची दीडशे वर्षंही सरकारी कागदांमुळे सोपी. साखळी तुटते ती मधेच, साधारण १७८० ते १८५० च्या दरम्यान, आणि काकूच्या झाडात चूक असलीच तर ती तिथेच असणार हे मी झाड न बघता सांगते.

तेव्हा जावयापासून मागे जायला लागा. प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा, अमुक माणूस तमुकाचा मुलगा हे नेमकं कुठल्या कागदात लिहिलंय? झाडात लिहिलंय हे उत्तर नाही. मॅसॅच्युसेट्समधे राज्य पातळीवर जन्म, लग्न, मृत्यूची नोंद १८४१ पासून आहे, त्यामुळे घराणं तिथेच राहिलं असेल तर या भागाला फार वेळ लागत नाही. सेन्सस म्हणजे जनगणना दर दहा वर्षांनी, १९५० पर्यंतचे सगळ्यांना बघायला खुले आहेत, कारण ७२ वर्षं झाल्याशिवाय ते उघडत नाहीत. १८८० पासून घरातल्या प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं असतं, त्याआधी नसतं, हे लक्षात ठेवा. १८९० चा शोधू नका, वॉशिंग्टनला १९२१ मधे आग लागली त्यात त्याचा बराच भाग खराब झाला आणि उरलेला पुढे सरकारनेच नष्ट केला, आता जवळजवळ काहीच नाही.

मृत्यूच्या दाखल्याबद्दल एक सांगते. त्यावर मेलेल्या माणसाच्या आईवडिलांची नावं असतात म्हणून लोक खूश होतात. पण तिथेच माहिती कुणी दिली ते नावही असतं, ते आधी वाचा. सत्तर वर्षांच्या बाईचा दाखला, आणि माहिती देणारा तिचा जावई. त्याने बायकोच्या आजी-आजोबांना कधी पाहिलेलंच नाही, घरात दुःख चाललंय, क्लार्क विचारतोय, तो बिचारा आठवेल ते सांगतो. मृत्यूची तारीख त्या कागदावरून पक्की, आईचं माहेरचं नाव मात्र नुसता धागा म्हणून घ्यायचं आणि दुसरीकडे पडताळायचं.

आता १८५०. सेन्ससमधे घरातल्या सगळ्या माणसांची नावं पहिल्यांदा आली ती याच वर्षी, तीही फक्त स्वतंत्र माणसांची, गुलामांची वेगळ्या यादीत नुसती वयं. १७९० ते १८४० च्या सहा सेन्ससांत नाव एकाच माणसाचं, कुटुंबप्रमुखाचं, बाकी नुसते आकडे. समजा तुम्ही १८२० चं पान उघडलंय. डावीकडे नाव, पुढे पुरुषांचे रकाने: दहाच्या आतले, १० ते १६, १६ ते १८, १६ ते २६, २६ ते ४५, आणि ४५ च्या वरचे. बायकांचे तसेच, फक्त १६ ते १८ चा नाही. तर यातली खुबी अशी की १६ ते १८ मधली पोरं १६ ते २६ मधे परत मोजलेली असतात, तुम्ही सरळ बेरीज केलीत की घरात नसलेला एक मुलगा कागदावर जन्माला येतो, आणि मग कुणीतरी त्या रिकाम्या जागेत आपला पूर्वज बसवतं. शिवाय आकड्यातला मुलगा हा मुलगाच असेल असं नाही, पुतण्या असतो, कामाला ठेवलेला पोऱ्या असतो. या आकड्यांवरून एखादं घर बाद करता येतं, सिद्ध काही होत नाही.

याच काळात दुसरी भानगड झाली. स्वातंत्र्ययुद्ध संपलं आणि मॅसॅच्युसेट्स, कनेटिकटमधली तरुण मंडळी जमिनीसाठी निघाली, कुणी व्हरमाँटला, कुणी न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेला, तिथून पुढे ओहायो. १८२५ ला ईरी कालवा सुरू झाल्यावर तर विचारूच नका. आणि न्यूयॉर्क राज्यात जन्ममृत्यूची राज्यव्यापी नोंद सुरू झाली १८८० च्या सुमाराला. म्हणजे मागच्या गावात क्लार्क प्रत्येक बाळ लिहून ठेवत होता आणि नव्या गावात कुणीच काही लिहीत नव्हतं. १८५० च्या सेन्ससमधे बाई सापडते, वय ५४, जन्म न्यूयॉर्क, बस, एवढंच. आईबाप कोण? इथे काकूसारखी माणसं काय करतात, तर त्याच नावाची, साधारण त्याच वर्षी जन्मलेली मुलगी मॅसॅच्युसेट्सच्या एखाद्या गावात शोधतात आणि जोडून टाकतात. जन्मठिकाण जुळत नाही तिकडे कुणी बघत नाही. मग ते झाड दुसरा कॉपी करतो, त्याचं तिसरा, आणि शंभर झाडांत तेच दिसतं म्हणून ते खरं वाटायला लागतं. झाड तपासताना त्या काळातल्या प्रत्येक जोडावर क्लिक करा आणि खाली आधार काय दिलाय ते बघा. आधार म्हणून दुसरी झाडंच असतील तर तो जोड नाहीच असं समजून चाला.

मग खरा जोड कुठे मिळतो? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा प्रोबेटमधे आणि जमिनीच्या व्यवहारात. माणूस मेला की कोर्टात त्याची फाइल होते, मृत्युपत्र असेल तर ते, मालमत्तेची यादी, जामीन, हिशेब, वाटणी. मृत्युपत्र नसलं तर लोक हिरमुसतात, मला उलट बरं वाटतं, कारण मग वाटणी कायद्याने होते आणि त्यात सगळी मुलं येतात, लग्न झालेल्या मुली नवऱ्याच्या नावासकट. वसाहतीच्या काळात न्यू इंग्लंडमधे मोठ्या मुलाला दुप्पट वाटा मिळायचा, त्यामुळे मोठा कोण तेही कळतं. मृत्युपत्रात मात्र एखादा मुलगा नसतोच किंवा त्याला पाच शिलिंग सोडलेले असतात, लगेच भांडण झालं असेल असं समजू नका, बऱ्याचदा त्याला त्याची जमीन आधीच मिळालेली असते. आणि मृत्युपत्रातली बायको ही त्या मुलांची आई असेलच असंही नाही, बायका बाळंतपणात जायच्या आणि पुरुष वर्षा-दोन वर्षांत दुसरं लग्न करायचे. मुलं अल्पवयीन असतील तर गार्डियन नेमल्याचे कागद बघा. चौदाच्या वरचं मूल स्वतः गार्डियन निवडायचं, आतलं असेल तर कोर्ट नेमायचं, तेवढ्यावरून वयाचा अंदाज येतो.

मालमत्तेच्या याद्या वाचायला घेतल्या की सोडवत नाहीत. एक पिसांची गादी, जस्तासारख्या पांढऱ्या धातूची ताटं, लोखंडी भांडं, एक लाल गाय, अर्धा चर्चमधला बाक. आणि कधीकधी त्याच यादीत, गायीच्या वरखाली, माणसाचं नाव आणि पुढे किंमत. गुलामी फक्त दक्षिणेत होती असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं, मॅसॅच्युसेट्सच्या १६४१ च्या कायद्यात तिला जागा होती आणि तिथे ती १७८० च्या दशकात कोर्टाच्या निकालांनी संपली. असं पान निघालं तर नातीला दाखवायचं का ते तुम्ही ठरवा, मी दाखवेन.

जमिनीचं खत म्हणजे डीड. बापाने मुलाला जमीन दिली की किंमतीच्या जागी पैशाबरोबर किंवा पैशाऐवजी बापाचं प्रेम असं लिहिलेलं असतं, याहून स्पष्ट पुरावा कुठला हवा. बाप मेल्यावर भावंडं मिळून आपला हिस्सा एकाला विकतात त्या खतात तर सगळं कुटुंब एका कागदावर येतं, आणि पांगलेली भावंडं आता कुठल्या गावात राहतात तेही. न्यूयॉर्कला गेलेला मुलगा मॅसॅच्युसेट्समधला वारसा विकतोय असं एक खत मिळालं की तुमचा मधला तुटलेला जोड सांधला. शोधताना एक फरक लक्षात घ्या, मॅसॅच्युसेट्समधे ही खतं काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या ऑफिसात असतात, पण कनेटिकट, ऱ्होड आयलंड आणि व्हरमाँटमधे गावाच्या क्लार्ककडे. लोक काउंटीत शोधून शोधून दमतात आणि नाहीये म्हणून सोडून देतात.

हे सगळं बघायला आता प्रवास लागत नाही. फॅमिलीसर्च फुकट आहे, मॉर्मन चर्च चालवतं, आणि २०२४ पासून त्यांनी हस्ताक्षरातली जमिनीची आणि प्रोबेटची पानं कंप्युटरकडून वाचून घेऊन शोधता येण्यासारखी केली आहेत. आधी हे फक्त विकणाऱ्या-घेणाऱ्याच्या नावाच्या सूचीतून काढावं लागायचं, आता आत कुठेतरी साक्षीदार म्हणून आलेलं नावही सापडतं. कंप्युटर जुनं लांबडं एस हे एफ म्हणून वाचतो, तेव्हा आडनावाची दोन-चार वेडीवाकडी स्पेलिंग टाकून बघा. त्याच साइटवरचं सामायिक झाड मात्र कुणीही बदलू शकतं, कागद तिथले घ्या, झाड नको.

स्वातंत्र्ययुद्धात लढलेला कुणी असेल तर पेन्शनची फाइल नक्की बघा. १८१८ चा कायदा, मग १८३२ चा, मग विधवांसाठी १८३६ चा. १८०० च्या नोव्हेंबरात युद्धखात्याच्या ऑफिसला आग लागली त्यात त्याआधीचे अर्ज गेले, पण नंतरचे आहेत. १८३२ च्या अर्जात ऐंशीच्या घरातला म्हातारा कोर्टात उभा राहून सांगतोय मी कुठे जन्मलो, कुठून भरती झालो, युद्धानंतर कुठे कुठे राहिलो, म्हणजे मॅसॅच्युसेट्स ते न्यूयॉर्क हा सगळा प्रवास त्याच्याच तोंडून. विधवेला लग्न सिद्ध करायला लागायचं आणि नोंद नसली की ती घरच्या बायबलमधलं मुलांच्या जन्मतारखांचं पान फाडून पाठवून द्यायची, ती पानं आजही फाइलींत आहेत. मुलगी पेन्शनवाल्याची आहे असं म्हणणाऱ्या झाडात ही फाइल जोडलेली नसेल तर झाडवाल्याने कष्ट घेतलेले नाहीत.

चर्चची वहीही बघा. एका गावातून दुसरीकडे जाताना सभासद पत्र घेऊन जायचे, आणि जुन्या चर्चमधे अमक्या गावच्या चर्चला पाठवलं अशी नोंद राहायची. आणि अठराव्या शतकात मॅसॅच्युसेट्समधली गावं नव्याने आलेल्या गरीब कुटुंबांना रीतसर निघून जायला सांगायची, म्हणजे उद्या त्यांच्या पोटापाण्याचा भार गावावर नको. वाचताना वाईट वाटतं, पण त्या नोटिशीत नवरा-बायको-मुलं सगळ्यांची नावं आणि कुठल्या गावाहून आले ते असतं, आपल्या कामाला सोनं. चर्चचा विषय निघालाच आहे तर, एखाद्या काका-आजोबांच्या पुढे जन्मठिकाण इंडिया दिसलं तर दचकू नका. बॉस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ ला मुंबईत उतरले, पुढे १८३१ पासून अहमदनगरला मिशन झालं, आणि तिथे राहिलेल्या न्यू इंग्लंडच्या कुटुंबांचे कागद आज हार्वर्डच्या हाउटन लायब्ररीत आहेत.

१७५० च्या मागे गेलात की कॅलेंडर समजून घ्यावं लागतं. इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणून एका मुलाचा जन्म नोव्हेंबर १७१५ आणि दुसऱ्या मुलाचा फेब्रुवारी १७१५ असं दिसलं तर फेब्रुवारीवालं नंतरचं, आणि तीन महिन्यांत दुसरं मूल कसं म्हणून तुम्ही बरोबर अडकाल, म्हणजे दोघांपैकी एक वेगळ्याच आईबापाचं आहे. जानेवारी ते मार्चमधल्या तारखा म्हणून दोन वर्षं घालून लिहितात, हाउलंड स्वतः वारला ती तारीख २३ फेब्रुवारी १६७२/३ अशीच आहे. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक महिन्यांची नावं न घेता आकडे लिहायचे, आणि १७५२ च्या आधी त्यांचा पहिला महिना मार्च. किती झाडांत हा पहिला महिना जानेवारी करून टाकलाय त्याला गणती नाही.

नावांचा घोळ तर त्याहून मोठा. एका गावात एकाच नावाचे तीन जण, सीनियर, ज्युनियर आणि थर्ड, ते बाप-मुलगा-नातू असतीलच असं नाही, काका-पुतणेही असतात, नुसतं वयानुसार. सीनियर वारला की खालचे एकेक पायरी वर चढतात, म्हणजे १७४० चा ज्युनियर १७५० ला सीनियर. आधीचं मूल दगावलं की तेच नाव पुढच्याला ठेवायचे. कझन म्हणून लिहिलेला पुतण्या निघतो, सन-इन-लॉ म्हणजे सावत्र मुलगा निघतो. माणूस ओळखायचा तो नावावरून नाही, त्याची जमीन, शेजारी, बायकोचं नाव, सहीची पद्धत यावरून.

घरात सांगत आलेली गोष्ट किती टिकते याचं उदाहरण तुमच्या हाउलंडचंच आहे. तो जहाजात आला प्लिमथचा, म्हणजे जहाजातल्या लोकांनी वसवलेल्या वसाहतीचा पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर याच्या घरचा नोकर म्हणून. वादळात समुद्रात पडला आणि लोंबणारा दोर धरून वाचला तो हाच. पुढे त्याचं लग्न कार्व्हरच्या घरातल्याच मुलीशी झालं असं वंशज अभिमानाने सांगायचे आणि छापायचेसुद्धा. प्लिमथचा नंतरचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने हाताने लिहिलेला इतिहास बॉस्टनमधे होता तो स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत नाहीसा झाला, आणि निघाला कुठे, तर लंडनच्या बिशपच्या फुलहॅममधल्या ग्रंथसंग्रहात. १८५६ मधे छापला गेला. त्यात शेवटी ब्रॅडफर्डने जहाजातल्या प्रत्येकाचं पुढे काय झालं ते लिहिलंय, आणि हाउलंडने जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ हिच्याशी लग्न केलं असं स्वच्छ लिहिलंय. बेडफर्डशरमधल्या हेन्लोच्या चर्चमधे तिच्या बाप्तिस्म्याची १६०७ ची नोंद आहे. आईबाप दोघंही पहिल्याच हिवाळ्यात गेले, जहाजातल्या १०२ पैकी जवळपास अर्धे तेव्हा गेले, ही पोर तेरा-चौदा वर्षांची एकटी राहिली. गव्हर्नरच्या नात्यातली नाही, पोरकी मुलगी. मला तर ही खरी हकीकत जास्त आवडते.

एकोणिसाव्या शतकात छापलेली घराण्यांची जाडजूड पुस्तकं, म्हणजे आपल्या कुलवृत्तांतासारखी, ती वाचा जरूर पण तशीच वाचा. लेखकाच्या आजोबांपासूनचं बहुतेक बरोबर असतं, त्याच्या मागचं पत्रांतून गोळा केलेलं. तीन भाऊ आले, एक उत्तरेला गेला एक दक्षिणेला एक पश्चिमेला, असं वाचलंत की पान उलटा. आणि इंग्लंडमधलं सरदार घराणं, ढाल-तलवारीचं चिन्ह वगैरे दिसलं तर जास्तच सावध. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुस्ताव्ह आंजू नावाचा माणूस श्रीमंत अमेरिकनांना पैसे घेऊन वंशावळी करून द्यायचा, नऊ कागद खरे आणि मधे एखादा साफ बनावट, आणि त्याचा माल आजही ऑनलाइन झाडांत फिरतोय.

डीएनए टेस्टबद्दल विचारलंत. दहा पिढ्या मागे १०२४ पूर्वजांच्या जागा होतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा तुमच्यात कणही उतरलेला नसतो, तेव्हा साधी टेस्ट १६२० चं काही सांगणार नाही. आडनाव हाउलंडच असतं आणि बापाकडून मुलाकडे तुटल्याविना आलं असतं तर वाय डीएनएचा उपयोग होता, तुमच्या जावयाचं तसं नाही. पण १८०० च्या आसपासचा जोड पडताळायला चुलत-चुलत भावंडांशी जुळणी कामाची असते, कागद आधी, डीएनए त्याच्या जोडीला.

आणि एखादी फांदी व्हर्जिनियाकडे निघाली तर यातलं बरंच विसरा. तिथे गावाचा क्लार्क नाही, चर्चच्या वह्या अर्ध्याअधिक गेलेल्या, कोर्टं जळालेली, शोध घ्यायचा तो कर आणि जमिनीच्या कागदांतून. माणशी पन्नास एकर जमीन मिळायची म्हणून आणलेल्या माणसांची नावं तिथे आहेत, १६३५ च्या अशाच एका यादीत टोनी नावाचा ईस्ट इंडियन आहे, म्हणजे आपल्याकडचा कुणीतरी.

खालून १८०० पर्यंत कागदांनी आलात की पुढचं सोपं. मेफ्लॉवर वंशजांची संस्था १८९७ पासून आहे, त्यांनी प्रत्येक प्रवाशाच्या पहिल्या पाच पिढ्या पुराव्यासकट छापल्यात, सगळे त्यांना चंदेरी पुस्तकं म्हणतात. तुमच्या साखळीचं वरचं टोक त्या पुस्तकातल्या कुणाला लागलं की काम झालं, त्याच्या वर तुम्हाला काही सिद्ध करायचं नाही. जावयाच्या नात्यातलं कुणी आधीच सभासद असेल तर त्याच्या अर्जावर अर्ध्या पिढ्या तयार मिळतील. जुना अर्ज असेल तर तो परत तपासा, पूर्वी कमी पुराव्यावर घेत असत.

तर आता काकूकडून १७८० ते १८३० मधे जन्मलेल्या सगळ्यांची यादी मागवा, नाव, गाव, काउंटी, आणि प्रत्येकाच्या खाली आधार. न्यूयॉर्कची काउंटी असेल तर ती कधी आणि कशातून झाली तेही लिहा, कारण मन्रो काउंटी १८२१ ला ऑन्टारियो आणि जेनेसी यांतून झाली, ऑन्टारियो १७८९ ला माँटगोमेरीतून, आणि कागद त्या वेळी जी काउंटी होती तिथेच पडलेले असतात. यादी आली की इथे टाका, कुठल्या माणसासाठी कुठली फाइल आधी उघडायची ते सांगते.